दोह्यात आठ दिवस आणि एक वाडगा

परत आल्यापासून जो भेटतो तो स्टेडियमबद्दल विचारतो. या हिवाळ्यात कतारमध्ये फुटबॉलचा विश्वचषक आहे, त्यामुळे मी तिकडे जाऊन आलो म्हणजे तेच बघायला गेलो असणार असं लोकांना वाटतं. स्टेडियम मी पाहिलं. बाहेरून, चालत्या गाडीतून, साधारण चाळीस सेकंद. गेलो होतो ते आईच्या वर्षश्राद्धासाठी, आणि त्या एका कामापायी आठ दिवसांत माझा जेवढा जीव मेटाकुटीला आला तेवढा एकतीस वर्षांच्या नोकरीत आला नाही. मी नाशिकला भूमी अभिलेख कार्यालयात भूकरमापक आहे. भावाभावांच्या बांधावर साखळी घेऊन उभं राहण्यात आयुष्य गेलं, म्हणजे चिडचिडीची सवय नाही असंही नाही.

बुधवार, विमानतळ

सामान मी यादी करून घेतलं होतं. काळे तीळ दोनशे ग्रॅम, जव शंभर ग्रॅम, दर्भाची एक जुडी, गोपीचंदनाची एक वडी, तांब्याची पळी आणि पंचपात्र. दोह्याला उतरल्यावर बॅगा पुन्हा एकदा यंत्रातून जातात. माझी बॅग तिथे थांबली. पांढऱ्या झग्यातल्या तरुण अधिकाऱ्याने तिळांची पिशवी उचलून हे काय आहे असं इंग्रजीत विचारलं. त्या देशात खसखस आणायला बंदी आहे आणि त्याला तोच संशय होता, हे मला नंतर कळलं. त्या वेळी 'सेसमी' एवढा एक शब्द बोललो असतो तर काम भागलं असतं. पण मला अर्धवट माहिती द्यायची सवय नाही. मी म्हणालो, हे आईसाठी आहे.

आई कुठे आहे, त्याने विचारलं. वारली, मी म्हणालो. इथे? नाही, नाशिकला. मग हे कोण खाणार? आई.

त्याने दुसऱ्या अधिकाऱ्याला बोलावलं. दुसऱ्याने तिसऱ्याला. पन्नास मिनिटांनी दर्भ, जव आणि पळी-पंचपात्र परत मिळालं आणि तीळ तपासणीसाठी राहिले. तिघेही अतिशय सौजन्याने वागले. त्यामुळे भांडताही आलं नाही.

बाहेर धाकटा भाऊ नंदू उभा होता. तिळांचं ऐकून तो म्हणाला, "इथे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात रे, दादा."

"मग घेऊन ठेव. रविवारी लागतील."

"बघू," तो म्हणाला.

हा पहिला 'बघू'. पुढचे मी मोजत गेलो.

गुरुवार, अल थुमामा आणि वेस्ट बे

आता ज्यासाठी एवढा खटाटोप, ते सांगतो. आमच्याकडे वडिलांचं सगळं थोरल्याने करायचं आणि आईचं धाकट्याने. म्हणजे आईला अग्नी नंदूने द्यायचा होता. पण मागच्या वैशाखात ती गेली तेव्हा साथीमुळे विमानं बंद होती आणि नंदू इथे अडकलेला. त्याच्या जागी मी दिला. त्याने फोनवरून जेवढं दिसलं तेवढं पाहिलं. वर्षश्राद्ध तरी त्याच्या हातून व्हावं असं मी ठरवलं. तर त्याची रजा विश्वचषक होईपर्यंत मंजूर होणार नव्हती. म्हणून तो येत नाही तर मी जातो, असा सरळ हिशेब केला. तिथी रविवारी होती. तिकडे रविवार कामाचा दिवस असतो, पण मी त्याच्याकडे फक्त दोन तास मागत होतो. नाशिकचे गुरुजी दुपारी बारा वाजता व्हिडिओ कॉलवर सांगणार होते, म्हणजे दोह्याचे साडेनऊ. सगळं जुळवून ठेवलं होतं. फक्त नंदू हो म्हणत नव्हता. नाहीही म्हणत नव्हता, ते जास्त वाईट.

नंदूचं घर अल थुमामाला, विमानतळाजवळ. दर सहा-सात मिनिटांनी डोक्यावरून विमान जातं. घरात नंदू, त्याची बायको मानसी आणि अकरा वर्षांची मुलगी ईरा. ईराला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. बाहेर त्रेचाळीस अंश, आत बावीस. मी दिवसभर स्वेटर घालून बसत होतो आणि दार उघडलं की काढत होतो. नाशिकला मे महिन्यात स्वेटर घातला असता तर लोकांनी डॉक्टरकडे नेलं असतं.

संध्याकाळी नंदूने वेस्ट बेला ऑफिस दाखवायला नेलं. काचेचे मनोरे, एकाला लागून एक, आणि पायी चालणारा माणूस एकही नाही. वाटेत ते स्टेडियम दिसलं. ते तिथल्या पुरुषांच्या जाळीदार पांढऱ्या टोपीसारखं केलेलं आहे, आणि खरोखर तसंच दिसतं. त्याच्या आसपासच्या गटारांच्या आणि रस्त्यांच्या कामाचं नियोजन नंदूकडे होतं. समुद्राकाठी विश्वचषकाला किती दिवस, तास, मिनिटं, सेकंद उरले ते दाखवणारं घड्याळ आहे. त्याच्यासमोर उभं राहून मी म्हणालो, माझ्या घड्याळात अडीच दिवस उरलेत. त्याने फोन काढला आणि कोणाला तरी 'यल्ला यल्ला', म्हणजे चला-चला, करत बाजूला गेला.

शुक्रवार, हानीसाहेबांकडे जेवण

खालच्या मजल्यावर हानीसाहेब राहतात. ते इजिप्तचे, नंदूच्याच ऑफिसात नकाशे काढतात, वय साधारण माझ्याएवढं. त्यांचे वडील नाईलकाठच्या एका गावात डोंगरातल्या प्राचीन थडग्यांवर पहारेकरी होते. हानीसाहेबांचं बालपण त्या थडग्यांच्या दारात गेलं. स्वतः ते मुसलमान, पाच वेळा नमाज पढणारे, पण त्या जुन्या लोकांबद्दल बोलतात ते आपल्याच चुलत्या-मामांबद्दल बोलावं तसं. सुट्टीच्या दिवशी त्यांनी आम्हा सगळ्यांना जेवायला बोलावलं. आम्ही शाकाहारी म्हणून त्यांच्या पत्नीने कोशरी केली होती. भात, मसूर, मॅकरोनी आणि हरभरे एकत्र, वर टोमॅटोचा आंबट-तिखट रस आणि कुरकुरीत तळलेला कांदा. खिचडीत मॅकरोनी घालणं हा मला गुन्हा वाटत होता. मी दोनदा घेतली.

ईराला शाळेत इजिप्तचा धडा होता, त्यावरून विषय निघाला. त्या लोकांनी परलोकाची जी व्यवस्था करून ठेवली होती ती ऐकून मला आधी कौतुक वाटलं आणि मग डोकं दुखायला लागलं. मेल्यावर देह मिठात वाळवायचा आणि कापडात गुंडाळायचा, सगळे मिळून सत्तर दिवस. पोटातला बाकी माल काढायचा, पण हृदय आत ठेवायचं, कारण पुढे न्यायसभेत ते तराजूत घालतात. दुसऱ्या पारड्यात एक पीस. समोर बेचाळीस देव बसलेले, आणि मेलेल्याने बेचाळीस गोष्टी केल्या नाहीत असं सांगायचं. चोरी केली नाही, खोटं बोललो नाही, पाणी अडवलं नाही. आणि त्यात चक्क हेही येतं, की शेताचं माप कमी केलं नाही.

मी म्हणालो, एकतीस वर्षांत मीही नाही.

"मग तुमचं एक कलम झालं," हानीसाहेब म्हणाले. "एक्केचाळीस राहिली. कोणाला रडवलं नाही, हेही त्यात आहे."

नंदू ताटातल्या कांद्याकडे बघत होता.

पण पुढची गोष्ट मला पटेना. एवढी कडक न्यायसभा, आणि त्याच वेळी हृदयावर दगडाचा भुंगा ठेवायचा. त्याच्यावर मंत्र कोरलेला, की हे हृदया, तिथे माझ्याविरुद्ध साक्ष देऊ नकोस. आमच्या खात्यात याला साक्षीदार फोडणं म्हणतात, असं मी सांगितलं. हानीसाहेब म्हणाले, आमच्या लोकांना देवावर विश्वास होता, पण कागदपत्रं जवळ असलेली बरी असंही वाटायचं.

मग मजुरांचा विषय आला. परलोकातही शेतीची बिगारी चुकत नाही. म्हणून मेलेल्याबरोबर छोट्या बाहुल्या पुरायच्या. कामाची हाक आली की त्याच्याऐवजी बाहुलीने 'हजर' म्हणायचं. श्रीमंताकडे अशा तीनशे पासष्ट, दिवसाला एक. आणि त्यांच्यावर नजर ठेवायला छत्तीस मुकादम, दहांमागे एक. म्हणजे एकूण चारशे एक.

मी मनात भागाकार केला. छत्तीस दाहे तीनशे साठ. उरलेले पाच मजूर कोणाच्या हाताखाली, मी विचारलं.

हानीसाहेबांनी बराच विचार केला. "चार हजार वर्षांत हे कोणी विचारलं नाही. इन्शाल्ला कोणीतरी सांभाळलं असेल."

नंदू हसला. विमानतळापासूनचं त्याचं पहिलं हसणं. म्हणाला, "आमच्या साइटवर पण दहाला एकच फोरमन. आणि असे पाच जण दर वेळी उरतात." मग त्याचं हसू गेलं. कडक उन्हात बसमधून उतरणारी ती माणसं मी येता-जाता पाहिली होती. मीही पुढे काही मोजलं नाही.

चहा झाल्यावर हानीसाहेबांनी वडिलांकडून ऐकलेली आणखी एक गोष्ट सांगितली. ते लोक मेलेल्यांना पत्रं लिहायचे. कागदावर कधी कधी, पण बऱ्याचदा मातीच्या वाडग्यावर. त्यात जेवण घालून तो थडग्याशी ठेवायचा. मेलेला जेवायला आला की अन्न संपता संपता अक्षरं दिसायला लागणार, म्हणजे वाचलं नाही असं म्हणायला त्याला जागा नाही. आणि पत्रांत गोड काही नसायचं, सगळी गाऱ्हाणी. एका माणसाने आपल्या आईला असंच लिहिलं होतं. तू म्हणालीस लावे पक्षी खायचे आहेत, मी तुला सात लावे आणून दिले, तू ते खाल्लेस. आता तुझ्यादेखत माझा भाऊ माझं नुकसान करतो आहे, तू बघत बसणार का?

मला त्यातला सातचा आकडा फार आवडला. इतक्या वर्षांनीही तो माणूस पुराव्यानिशी उभा आहे. मी तसं बोललो. नंदूने फोन उलटा करून टेबलावर ठेवला होता, आणि मी दोह्याला उतरल्यापासून ते पहिल्यांदाच घडत होतं.

शनिवार, द पर्ल

पर्ल म्हणजे समुद्रात भराव घालून केलेलं बेट. रहिवासी इमारती, बोटी, दुकानं, हॉटेलं. पूर्वी तिथे मोती काढायचे म्हणून नाव. भराव किती घनमीटर असेल याचा अंदाज करत मी तासभर फिरलो. एका कप कॉफीसाठी चाळीस मिनिटं रांगेत उभं राहून बसायला जागा मिळाली. मानसी ईराला घेऊन बोटी बघायला गेली, तेव्हा मी विषय काढला. आतापर्यंत अकरा 'बघू' झाले होते. म्हटलं, उद्या साडेनऊ, मला आता स्पष्ट सांग.

"मी नाही बसणार, दादा. तूच कर," नंदू म्हणाला.

मी म्हणालो, आईचं तुझ्याकडे येतं. मी इतका लांब कशासाठी आलो?

"मागच्या वेळी कोणाकडे येत होतं? केलंसच ना तू."

"विमानं मी बंद केली होती का?"

"विमानं नाही केलीस," तो म्हणाला आणि उठून बिल द्यायला गेला.

हे अर्धवट वाक्य मला दिवसभर टोचत राहिलं. मी आणलेल्या पिशव्या बघितल्या. दर्भ होता, जव होते, तीळ नव्हते, करणाराही नव्हता. मला नंदूचा राग आला, गुरुजींचा आला, त्या समुद्रकाठच्या घड्याळाचाही आला. राग आला की मी भांडी घासतो, ही माझी घरचीही सवय आहे. संध्याकाळी मानसीला बाजूला करून मी सिंकचा ताबा घेतला. पांढऱ्या वाडग्यांचा सहाचा संच होता. पाचच निघाले. मी दोनदा मोजले.

"राहू द्या हो, भाऊजी," मानसी म्हणाली. "सापडेल."

रविवार, तिथी

दोह्यात मे महिन्यात पावणेपाचला सूर्य वर येतो. सव्वापाचला मी बाल्कनीत गेलो. सहावा वाडगा तिथे कठड्याजवळ ठेवलेला होता, दहीभाताने भरलेला, आणि कठड्यावर चार साळुंक्या टपून बसलेल्या. आई रोज रात्री दहीभातच खायची, पण ते मला तेव्हा सुचलं नाही. कोणीतरी उष्टं बाहेर विसरलं असं वाटलं. आज श्राद्ध, आणि घरात हा गबाळेपणा. मी वाडगा आत आणला, भात कचऱ्यात लोटला आणि नळ सोडणार तेवढ्यात आतली अक्षरं दिसली.

काळ्या मार्करने लिहिलेलं होतं, काठापासून तळाकडे गोल गोल उतरत गेलेलं. नंदूचं अक्षर. वाचायला वाडगा जात्यासारखा फिरवत न्यावा लागला. दुसऱ्याचं पत्र वाचू नये हे मला कळतं. पण पहिला शब्द 'आई' होता आणि तिसऱ्या फेऱ्यात 'दादा' होता.

आई, तुला कानाची मशीनं मी आणून दिली होती. दोन, डावं आणि उजवं. म्हणून आता नीट ऐक. तुला अग्नी मी द्यायचा होता. येता आलं नाही. फोनवर बघत होतो. दादा तुझ्या पायांशी गेला आणि त्याने फोन बंद केला. तू दिसेनाशी झालीस. का बंद केला ते मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. एक वर्ष झालं. आता तू दोघांचं ऐक आणि काय ते ठरव.

मी ओट्याला टेकून उभा राहिलो. अमरधाममध्ये खांबावर एक पाटी होती, चित्रीकरणास मनाई आहे. मी अग्नी घ्यायला वाकलो तेव्हा ती दिसली. मी नियमाप्रमाणे कॉल बंद केला आणि फोन पिशवीत टाकला. मला कोणी हटकलं नव्हतं. तिथे दुसऱ्या चितेपाशी दोघे जण फोन उंच धरून उभे होते, तेही मी पाहिलं होतं. घरी आल्यावर नंदूने फोनवर विचारलं, झालं का सगळं व्यवस्थित? मी म्हणालो, सगळं व्यवस्थित झालं. पाटीचं मी त्याला कधीच सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे असंच मला वाटलं नाही. वर्षभर तो बघू म्हणत राहिला आणि मी त्याच्या नावाने घरादाराला सांगत राहिलो, की नंदूला कशाचं काही नाही.

तळाशी तीन बोटं जागा उरली होती. ईराच्या दप्तरातून मार्कर घेतला. हानीसाहेबांच्या लोकांवर मी शुक्रवारी हसलो होतो. आता सकाळी साडेपाचला चोपन्नाव्या वर्षी तेच करत होतो.

आई, तिथे मनाईची पाटी होती. मी पाटी पाळली. कोणी अडवलं नव्हतं. बाकी लोक फोन धरून होते. चूक माझी. दादा.

भात तर मी टाकून बसलो होतो. पुन्हा लावला. शाई वाळायला दहा मिनिटं दिली. भात निववून, दही आणि चिमूटभर मीठ घालून अक्षरं झाकली जातील इतका भरला आणि वाडगा होता तिथेच ठेवला. मागे वळलो तर ईरा दारात उभी.

"काका, यू थ्रू आजीज् फूड."

"थ्रू केलं होतं. परत केलं. बाबाला सांगू नकोस."

तिने खांदे उडवले आणि पाणी पिऊन झोपायला गेली.

साळुंक्यांनी फार वेळ घेतला नाही. नंदू साडेसहाला उठून चहाचा कप घेऊन बाल्कनीत गेला. मी पेपर समोर धरून बसलो होतो, पण काचेतून सगळं दिसत होतं. त्याने वाडगा उचलला. फिरवला. थांबला. पुन्हा उलट फिरवला. मग आत आला, चहा तसाच ओट्यावर ठेवला, गाडीची किल्ली घेतली आणि निघून गेला.

पावणेसात झाले होते. मानसीने फोन लावला, त्याने उचलला नाही. मी पाट मांडला, पळी-पंचपात्र घासून ठेवलं, दर्भ भिजवला. आठ वाजता ठरवलं की मीच बसायचं. साडेआठला वाटलं, बसू नये, गुरुजींना नाही म्हणून कळवावं. गेली एकतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या बांधावर दगड रोवतो आहे. दोन भावांपैकी एक जण मोजणीच्या दिवशी असा निघून गेला की मोजणी होत नाही, पंचनामा करून परत यावं लागतं. तेवढंच माझ्या हातात होतं.

नऊ वाजून दहा मिनिटांनी दार उघडलं. नंदू घामाने भिजलेला. हातात प्लास्टिकची पिशवी.

"कोपऱ्यावर पांढरेच होते. हे काळेच आहेत," तो म्हणाला. "दोनशे ग्रॅम. बघून घे."

मी बघून घेतले. काळेच होते. तो आंघोळीला गेला.

साडेनऊला गुरुजींचा कॉल लागला. नंदू पाटावर बसला. गुरुजींना त्याचे हात दिसले पाहिजेत म्हणून कोणीतरी फोन धरायला हवा होता. मानसी पुढे झाली, मी म्हणालो, दे इकडे. फोनची बॅटरी एकोणीस टक्के. चार्जरची वायर जेमतेम मीटरभर, म्हणून मला भिंतीशी गुडघ्यांवर बसावं लागलं. गुरुजींचा आवाज मधूनच तुटायचा, मी हात वर-खाली करून रेंज शोधायचो. नंदूने पिंड केले, तीळ वाहिले, पाणी सोडलं. एकदा गुरुजींनी आईचं नाव विचारलं, तेव्हा त्याचा आवाज फुटेना. मी सांगणार होतो. नाही सांगितलं. थोड्या वेळाने त्यानेच सांगितलं.

सत्तेचाळीस मिनिटं झाली. माझ्या खांद्यातून कळा येत होत्या. गुरुजी म्हणाले, झालं, नमस्कार करा, आता कॉल बंद केलात तरी चालेल. तिकडून पडदा काळा झाला.

मी फोन तसाच धरून बसलो.

नंदू नमस्कार करून उठला. हातावरचे तीळ झटकले आणि माझ्याकडे पाहिलं.

"दादा," तो म्हणाला, "आता ठेव."

मग ठेवला.